बाराशे वाचवले त्याची गोष्ट

— नाही, बाबागाडी बाहेरच राहू दे, अस्ता झोपलीय, खिडकीतून दिसतेय मला. तर सिग्ने, तू म्हणतेस तुमच्या बँकेत आता ठेवींवर व्याज उणे आहे. म्हणजे पैसे माझे, ठेवायचे तुमच्याकडे, आणि वर पैसेही मीच द्यायचे. का? तर राष्ट्रीय बँक, सगळ्या बँकांची बँक, तुमच्याकडून घेते. बरं, ती तुम्हाला व्याज द्यायची तेव्हा ते इतक्या तत्परतेनं आमच्यापर्यंत पोचवत नव्हतात — जाऊ दे, मी भूगोल शिकवते, माझं चुकतही असेल. पण तुमची दोन पत्रं एकाच दिवशी आली. एकात, लाख क्रोनरच्या वर ठेवलंत तर वरच्या रकमेवर वर्षाला शेकडा साठ ओर, म्हणजे अर्ध्या क्रोनरहून जरा जास्त, कापू. दुसऱ्यात, घरासाठी कर्ज घ्या, इतकं स्वस्त कधीच नव्हतं. ठेवणारीला दार दाखवायचं आणि न मागणारीच्या मागे लागायचं — मला नाही हे सरळ वाटत.

माझ्या बाबांचे तीन लाख होते. ते गेल्यावर त्यांची बोट विकली, त्याचे. आमच्या आयांच्या गटात — बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या नर्सनं जुळवून दिलेल्या पाच बायका, पाच बाळं — सगळ्या म्हणाल्या, वाटून ठेव गं, आम्ही तेच करतो, मर्यादा माणशी आहे. म्हणून एक लाख माझ्या नि अस्ताच्या बाबाच्या, येप्पेच्या, संयुक्त खात्यात, एक त्याच्या एकट्याच्या, एक त्याच्या आईच्या, बोडिलच्या. वाचले किती? वर्षाला बाराशे. अस्ताचा थंडीतला एक सूट. कागद केला नाही. लग्नाचा केला नाही तर याचा कशाला, असं येप्पे म्हणाला, आणि मी हसले. हसले मी.

आता बोडिल समुद्राकाठी उन्हाळी घर घेतेय. काल म्हणाली, "बँकेनं वीस मिनिटांत कर्ज दिलं बघ. थोडे स्वतःचे भरायचे होते, तेवढे होते खात्यात." स्वतःचे. आणि वर मला केक वाढला. येप्पे म्हणतो, तुझी झोप होत नाही, म्हणून तुला संशय येतात. नाही होत, खरंय. पण माझी झोप कमी झाली म्हणून तिचे लाख वाढतात का?

ते कर्ज तूच दिलंस ना? — माहितेय, सांगता येत नाही. पण लाख जमा झाले तेव्हा पाठवणारीचं नाव दिसलंच असेल. विचारलंस, हे कुणाचे? कशाला विचारशील. विचारलं असतंस तर कर्ज गेलं नसतं, आणि तेवढे पैसे तुमच्याच अंगावर पडून राहिले असते. — स्क्रीन का फिरवलीस?

येप्पेला फोन नको करूस. संयुक्त खात्यातून मला एकटीला काढता येतात, नियम वाचून आलेय. माझ्या एकटीच्या नावानं खातं उघड, त्यातले उरलेले एक लाख त्यात घाल. लाखाची सूट पगाराच्या खात्यालाच, आणि यात पगार येणार नाही, म्हणजे पहिल्या क्रोनरपासून कापाल — कापा. वर्षाला सहाशे. माझे आहेत एवढं तरी लिहिलेलं राहील.

सही कुठे? इथे? — नको, कॉफी नको. आणि आता काही समजावू नकोस मला.