जावयाचं 'बरं'

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच प्रश्न विचारतो. चांगला बोलणारा कुणाला म्हणायचं? ज्याच्या तोंडाचा पट्टा चालू असतो त्याला? मागे कुणीतरी मान हलवतंय. थांबा, इतक्यात मान हलवू नका. आधी मोरेश्वर सोनाराची गोष्ट ऐका.

मोरेश्वराच्या हातात कला होती हो! नथ घडवावी तर त्यानंच. पण दिवसभर तोंडात फुंकायची नळी. ज्योतीवर फुंकर मारायची, सोनं तापवायचं — तोंड मोकळं राहणार कधी? संध्याकाळी नळी निघायची, शब्द काही निघायचा नाही. कुणी काही सांगो, याचं उत्तर एकच — 'बरं.' गिऱ्हाईक म्हणालं, दागिना उद्या हवाय — बरं. शेजारी म्हणाला, विहीर आटली — बरं.

आता याची बायको, इंदू. तिची आई वर्षापूर्वी वारलेली. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, आज आईची फार आठवण येतेय. सकाळपासून तीच डोळ्यांपुढे आहे."

हा काय म्हणाला? तुम्हीच सांगा! — 'बरं.' आणि ताट पुढे सरकवलं.

इंदू भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी माहेरी गेली आणि तिथून निरोप धाडला — "भिंतीशीच बोलायचं तर माहेरीही भिंती आहेत. मी येत नाही."

जीव होता हो मोरेश्वराचा बायकोवर! पण ते सांगणार कसं? तो गेला बबनकडे. बबन म्हणजे गावातला बोलघेवडा, रस्त्यात भेटला तर लोक वाट बदलायचे. बबन म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? समोरच्याला गप्प बसू द्यायचं नाही. पाऊस, तब्येत, गुरंढोरं — एकामागून एक विचारत सुटायचं." मोरेश्वरानं वाटेनं सगळं घोकून पाठ केलं.

पोचला सासुरवाडीला. इंदूनं पाणी दिलं आणि तशीच आत गेली. ओटीवर सासरे बसलेले. झाली सुरुवात — "मामा, पाऊस काय म्हणतो? तब्येत काय म्हणते? म्हैस काय म्हणते?" अरे, श्वास तर घे बाबा!

सासरे खाली बघत म्हणाले, "म्हैस गेली आमची. परवाच."

आणि जुनी सवय! मोरेश्वर म्हणाला — "बरं."

"बरं?" सासऱ्यांनी मान वर केली. "आमची म्हैस मेली, ते बरं झालं, जावईबापू?"

हसा, हसा. पण आज सकाळी घरात कुणाच्या बोलण्यावर तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि ते माणूस काय सांगत होतं, आठवतंय का? बघा, हसू थांबलं.

मोरेश्वराचं पाठ केलेलं सगळं पार उडालं. तो म्हणाला, "मामा, चुकलो. मला बोलता येत नाही. इंदू आईचं सांगत होती, तेव्हाही मी असंच म्हणालो." मग हळूच विचारलं, "कशी गेली म्हैस?" आणि गप्प बसला. पुढचा प्रश्न तयारच नव्हता. तेच त्याच्या कामाला आलं.

सासरे बोलू लागले. "म्हातारी झाली होती. रेडकू असताना इंदूच्या आईनं बोटानं दूध पाजून जगवलेली."

"बोटानं?"

पाहिलंत? बबनचा शब्द नाही हा, सासऱ्यांच्याच तोंडचा उचलला!

"हो. म्हणून दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे."

"मग? आई गेल्यावर?"

सासरे म्हणाले, "इंदूच्या आईचं लुगडं पांघरून मी धार काढायचो. वासानं फसायची बिचारी. पोर माहेरी आली की ती उठायच्या आधी उरकून यायचो, लाज वाटायची. आता म्हैस गेली, तर ते लुगडं पांघरायलाही काही निमित्त राहिलं नाही."

इंदू दारात येऊन उभी होती. "आबा, मला का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही गं."

मंडळी, केवढं मोठं दुःख आहे हे! घर भरलेलं, माणसं बोलतायत, आणि कुणी विचारलंच नाही.

मोरेश्वर इंदूकडे वळला. "त्या दिवशी तुला आईचं काय आठवत होतं? मी ऐकलंच नाही. सांगशील?"

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग उंबऱ्यावर बसली आणि सांगत राहिली, भरपूर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर निघाली. आणि सासरे शेजाऱ्याला काय म्हणाले ठाऊक आहे? "आमचे जावई गप्पा मारायला फार चांगले हो!" आता हा बोलला होता किती? चार शब्द!

चार माणसांत बोलायचा धीर होत नाही, असं म्हणता ना? अहो, धीर होत नाही, कारण सारं लक्ष आपल्याच जिभेकडे. आमचे मृदंगवाले पाहा — आधी माझं ऐकतात, मग हात उचलतात. न ऐकता वाजवत सुटले, तर तुम्ही उठून जाल. समोरच्याचं ऐका, पुढचा शब्द तोच तुमच्या हाती देईल.

आता मी या चिपळ्या खाली ठेवतो. शेजारी बसलेल्या माणसाकडे वळा. रोज एका ओळीत बसता, पण त्याच्या घरी काय चाललंय, तुम्हाला ठाऊक नाही. विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा. आरती जरा उशिरा झाली, तर पांडुरंग काही रागावणार नाही.