उद्भव विहीर

सरकारी मराठीला हसताय, खुशाल हसा; पण तिने मला एकदा भर ग्रामसभेत जिंकवलंय, तेवढं ऐका.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होतो. गावाला जिथून पाणी मिळतं त्या विहिरीला तिथे 'उद्भव' म्हणतात. निवृत्त होऊन चुडाव्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा नव्या विहिरीवर पाटी लावायची होती. सरपंचबाईंनी मजकूर मला मागितला. मी लिहिलं, 'उद्भव विहीर'.

विहिरीचे कंत्राटदार प्रतापराव सभेत मोठ्याने हसले. "काका, ह्ये बाबू लोकांचं मराठी कोणाला कळायलंय? सोर्स लिहा. लेकरालाबी कळतंय."

"सोर्स म्हणजे काय हो?"

"सोर्स म्हंजे... सोर्सच की!"

मी म्हणालो, "मूळ लॅटिन क्रियापद, अर्थ वर उठणे. त्यावरून फ्रेंचांनी जमिनीतून उसळणाऱ्या पाण्याला शब्द केला, तो इंग्रजांनी उचलला. आपल्या उद्भवातला 'उद्' म्हणजेही वरच. दोन्ही शब्दांत पाणी वर येतं. फक्त इंग्रजांच्या शब्दाला तुम्ही हसत नाही."

सरपंचबाई म्हणाल्या, "मंग उद्भवच ऱ्हाऊ द्या. पन प्रतापराव, पाणी वर यायला तुमची मोटार कुठं बसलीय? मोटार बसल्याबिगर पाटी न्हाई, अन् पाटी लागल्याबिगर बिलावर माझी सही न्हाई."

त्याच आठवड्यात मोटार बसली, पाणी वर आलं. पाटी वाचून दाखवायचा मान मी आग्रहाने प्रतापरावांनाच द्यायला लावला. काय स्वच्छ उच्चार होता म्हणता!