पुस्तकातली बोट

मालकीण: ते पुस्तक आधी पिशवीत घाला. मग खोलीची चावी देते.

पाहुणी: का बरं? पुस्तकानं काय घोडं मारलंय तुमचं?

मालकीण: माझ्या लॉजवर ते चालत नाही. या गावात कुणाच्याच घरात मिळणार नाही तुम्हाला.

पाहुणी: ते कळलंच. सकाळपासून लेखिकाबाईंचं घर विचारत फिरतेय. शिंपी म्हणाला, अशी कुणी नव्हतीच. पोस्टातल्या बाईंनी तर खिडकीच लावून घेतली.

मालकीण: मग समजायचं माणसानं.

पाहुणी: मी दरवर्षी सुट्टीत एका लेखकाच्या गावी जाते. आधी पुस्तक पुन्हा वाचायचं, मग त्यातल्या रस्त्यांनी चालायचं. कुठं घरावर पाटी असते, कुठं काचेच्या पेटीत चष्मा ठेवलेला असतो. इतकं तोंड फिरवणारं गाव पहिल्यांदाच पाहतेय.

मालकीण: तिनं गावाची अब्रू वेशीवर टांगली. तिला पाटी कोण लावणार?

पाहुणी: एका बाईची गोष्ट लिहिली फक्त. गोदामवाला रोज बायकोला मारतो, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि ती एका सकाळी बोटीत बसून निघून जाते. यात अब्रू गेली ती कुणाची?

मालकीण: माझी. ती गोदामवाल्याची बायको म्हणजे माझी आई.

पाहुणी: ...मला माहीत नव्हतं, ताई.

मालकीण: आता झालं ना. मी शाळेत शिरले की पोरं ओरडायची, बोट सुटली, बोट सुटली. दोनदा लग्न ठरून मोडलं. लोकांनी विचारलं, आईसारखी ही पण पळाली तर? त्या बाईनं चोरून ऐकलं आणि छापून मोकळी झाली.

पाहुणी: तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण पुस्तक पिशवीत घालणार नाही. हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या घरातून बाहेर पडले. त्याआधी आठ वर्षं नुसती भिंतीला टेकून उभी होते.

मालकीण: तुम्हाला बाहेर काढलं त्या बोटीनं. मला रोज बुडवलं.

पाहुणी: दोन्ही खरं असेल. म्हणून लपवायचं का?

(आतल्या खोलीचं दार उघडतं. मालकिणीची म्हातारी आई काठी टेकत बाहेर येते.)

आई: कसलं पुस्तक म्हणालीस, मुली?

मालकीण: काही नाही, आई. तू पड जा.

आई: पडून पडून पाठ सोलवटली. बाईंचं आहे ना ते? इकडे दे. एवढं जाड आहे होय? एकदा घरात आलं होतं, ते मी हातात घ्यायच्या आत हिनं जाळलं.

मालकीण: तुला कुणी सांगितलं?

आई: वास आला होता. शेवट काय केलाय गं बाईंनी?

पाहुणी: बोट सुटते, आजी. ती मागं वळून बघत नाही. तिथंच संपतं.

आई: बघितलं होतं मी. धक्का दिसेनासा होईपर्यंत बघत होते. पलीकडे शिवणकामाच्या कारखान्यात लागले, तर तिसऱ्या दिवशी बाई स्वतः दारात. पत्ता त्यांनाच तेवढा सांगितला होता. म्हणाल्या, पोरगी तापानं फणफणलीय, तुला सांगितलं नाही तर मला पुढे लिहवणार नाही.

पाहुणी: म्हणजे तुम्ही परत आलात.

आई: हिच्यासाठी. त्याच्यासाठी नाही. त्याच्या घराच्या भरल्या ओट्यावरून हिला उचललं, सगळे बघत होते, एकाची जीभ उचलली नाही. तशीच इथे, या लॉजवर आले. बाई मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या, त्यांनी अर्धी खोली दिली. घर शोधतेयस ना त्यांचं? तीच खोली. आता तिथे गाद्या ठेवतो आम्ही.

मालकीण: थांब. लिहीत होती ती, हे तुला माहीत होतं?

आई: मीच सांगितलं बाईंना सगळं. कोणी दार लावलं, कोण हसलं. म्हटलं, नावं सोडा, बाकी काही सोडू नका.

मालकीण: आणि मी जन्मभर तिला शिव्या देत राहिले. तू गप्प बसून ऐकलंस?

आई: तू बाईंवर चिडायचीस, तेवढा वेळ माझ्यावर चिडत नव्हतीस. मला ते सोडवेना.

मालकीण: तीन दिवस मी दारात बसून होते, आई.

आई: माहीत आहे.

पाहुणी: मी जरा बाहेर थांबते.

आई: बस गं. तू परत गेली नाहीस ना?

पाहुणी: नाही. पण मला मूल नव्हतं. असतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

आई: खरं बोलतेस. चल, मला धक्क्यावर ने. एवढ्या लांबून त्या पुस्तकामागं आलीस, तर ती जागा मीच दाखवते. शेवटचं पान तिथं बसून वाच, मोठ्यानं.

मालकीण: तिथं काय आहे आता? पूल झाल्यापासून बोट बंद आहे.

आई: पायऱ्या आहेत ना? बसेन पायरीवर.

मालकीण: बरं. मागच्या गल्लीनं जाऊ. आत्ता सगळी दुकानं उघडी आहेत.

आई: म्हणूनच बाजारातून जायचं. शिंप्यासमोरून, पोस्टासमोरून. खिडक्या लावायच्या असतील त्यांनी लावाव्यात.

मालकीण: लोक पुन्हा बोलतील.

आई: बोलू देत. या वेळी आपण ऐकत थांबायचं नाही.

मालकीण: ...चप्पल घाल नीट. तुम्ही दोघी धरून चाला, मी कडेनं येते.

आई: कडेनं नाही. तू मधे चाल. बोलणी तूच खाल्लीस.