छातीएवढा पॅरापेट

हॅलो?… हो, मीच. ऐक, जावईबापू घरात आहेत का?… नाही गं, काही झालेलं नाही. त्यांची छाती जमिनीपासून किती उंचीवर येते, तेवढं मोजून सांग… टेपनं! शिवणाच्या डब्यातल्या!

गच्चीवर आहे. गवंडी आले आहेत, पॅरापेट बांधतो आहोत… कठडाच. पण कठडा म्हटलं की उंची कळत नाही. पॅरापेट इंग्रजीत आला इटालियनमधून. पारा म्हणजे राखणं, पेत्तो म्हणजे छाती. शिपायाची छाती राखणारी भिंत. शब्दानं माप दिलेलंच आहे. फक्त छाती कोणाची, ते दिलेलं नाही…

हो, हो, ते वर्षातून एकदाच येतात. एकदा पडलेला माणूस पडलेलाच असतो ना?

हसू नकोस. आधी माझ्या छातीएवढा बांधला. म्हणजे तुझ्या आईच्या कपाळाएवढा. ती स्टुलावर चढून वाकून बघायला लागली. छाती वर गेली ना तिची? मग शब्दाप्रमाणे दोन थर चढवले… मग काय, तिनं स्टुलावर खोका ठेवला… हो, चढवले, आणखी तीन. आता जावईबापूही स्टुलावर चढले तर?

अगं, ओरडू नकोस… आत्ताही वरच उभी आहे. गवंड्यांनी खोका धरून ठेवलाय, घमेल्यातला माल सुकतोय. सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही…

हट्ट नाही गं. तुला सांगितलं नव्हतं… मागच्या महिन्यात कपडे वाळत घालताना तिला चक्कर आली. जुना कठडा गुडघ्याएवढा. मी दंड धरला म्हणून… हो, ठीक आहे आता. पण दुसऱ्या दिवशी मी शब्दकोश उघडला. मला दुसरं काय येतं?

काय?… रस्ता बघते, मला माहीत आहे… कोणाची वाट? तुझी? पण तू तर महिन्यातून एकदा… रोज?… रोज संध्याकाळी?

थांब, ठेवू नकोस. अहो गवंडीदादा, हिच्या डोळ्यांसमोरची एक वीट काढा… खोक्यावरच्या नाही हो, जमिनीवर उभी राहिल्यावरच्या! सकाळचंच काम आहे, ओलं असेल… किल्ल्यांच्या भिंतींनाही अशी भोकं असत, बरं का. त्याला इंग्रजीत… बरं, राहिलं.

निघाली वीट… हो, आईही उतरली. माझा हात धरून उतरली. थांब, आधी मी बघतो. फार वाकावं लागतं गं… अगं, खरंच! बसथांबा दिसतो इथून. बस लागली आहे, माणसं उतरताहेत… तू नाहीस त्यात, तेवढं कळतं मला. तरी बघतोच आहे…

बरं, ठेवतो. ‘बाजूला व्हा’ म्हणते आहे… हो ना! बोलली!