शिदो म्हणजे मार्गदर्शन

...समोर बसा की — नको? माझ्या डावीकडेच बसायचंय? बरं, बसा, चहा घ्या. तर गौरवग्रंथात लिहा — कुवाबारा, एकतीस वर्षं परराष्ट्र खात्यात, मग जागतिक ज्युदो संघटनेवर जपानचा प्रतिनिधी. मला का नेमलं? भाषा येत होत्या आणि विद्यापीठात ज्युदो खेळलो होतो, म्हणून. आमचे गुरुजी बांबूच्या तलवारीनं फोडून काढायचे. मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या आणि आम्ही वाकून आभार मानायचो. त्याला म्हणायचं शिदो. शिदो म्हणजे मार्गदर्शन — हसताय? नाही, नाही हसत तुम्ही.

मिनेगिशी प्रकरण विचारणार ना? सगळेच विचारतात. राष्ट्रीय संघातली मुलगी, एकोणीस वर्षांची. प्रशिक्षकाच्या मारानं कानाचा पडदा फाटला, तर पोरीनं थेट जागतिक संघटनेलाच पत्र धाडलं — जपानीत. भाषांतराला येणार कुणाकडे? माझ्याकडेच. तिनं लिहिलं होतं, ‘शिदो म्हणून रोज मारतात.’ मी लिहिलं, ‘रोज मार्गदर्शन करतात.’ एक शब्द गाळला, एवढंच. समितीतले गोरे म्हणाले, मग तक्रार कसली? फाइल बंद. पुढच्या वर्षी मी उपाध्यक्ष झालो — ते त्यामुळे नव्हे, हं.

आणि मी काही दगड नव्हे. मी होतो ना तिथं त्या सकाळी, पाहुण्यांच्या बैठकीवर. केस धरून आपटत होता तिला प्रशिक्षक. नाकातलं रक्त चटईवर. उठली की लाथ, उठली की लाथ — आणि तरी उठायची ती, मूर्ख. मला बघवेना. मीच हळूच म्हणालो त्याला, आमच्या खात्याच्या पद्धतीनं — ‘तिचा चेहरा तेवढा सांभाळा, उद्या राजदूतांबरोबर फोटो आहे.’ ऐकलं बरं का त्यानं. हात जरा बाजूला घेतला, आणि तो बसला कानावर. आवाज असा आला की — हे नका लिहू. खोडा ते.

खोडा म्हणतोय. तुम्ही... तुम्ही काहीच लिहिलं नाहीत? पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाहीत. आणि मघाशी हट्टानं डावीकडे बसलात, उजवा कान माझ्याकडे करून. तो दुसरा — केस जरा मागे घ्या बघू. नको. नको, राहू द्या.

चहा निवला. या आता तुम्ही. या म्हटलं ना, मिनेगिशी-सान — ऐकू येत नाही का?