बंधाऱ्यावरची तार

भागीबाई : ...आन दार लावून काय बसता? दार लावल्यानं तार जानार हाय का?

सोमा : हळू बोल. पोलिसांची गाडी बंधाऱ्यावर उभी हाय.

भागीबाई : दिसली मला. हेलिकॉप्टरातल्या मानसांना काढलं का बाहेर?

सोमा : काढलं. दोघं व्हते. दोघंबी गेले. एक तर आपल्या लेकीच्या, स्नेहलच्या वयाचा.

भागीबाई : सकाळपासून दोनदा पानी टाकलं त्यांनी वणव्यावर. नायतर आपला पाडा राहिला नसता. तिसऱ्यांदा बंधाऱ्यातनं बादली भरून वर उठले, आन पडले. तारेला अडकले ना?

सोमा : एवढ्या धुरात काय दिसतंय.

भागीबाई : माज्याकडं बघून सांगा.

सोमा : अडकले. पंख्यात तार गुंडाळली. दोन तारांतली वरची तुटली.

भागीबाई : आन खालची?

सोमा : खालची हाय अजून. धुरात कुनाला दिसली नाय.

भागीबाई : आई गं.

सोमा : गवताचा भारा डोक्यावर घेऊन तो कडा उतरायचीस. गुडघे गेले तुजे, म्हनून बांधली तार. भारा वरून सोडला की खाली येतो. मी काय मानसं मारायला बांधली?

भागीबाई : बांधली त्याचं नाय म्हनत मी. त्या तारेत मोर अडकून मेला, तवा लाल लुगडं फाडून पट्ट्या बांधल्या व्हत्या मी. दोरीनं ओढत ओढत मधोमध नेल्या व्हत्या. त्या कुठं गेल्या?

सोमा : होळीच्या आदी जंगलाचा गार्ड फेरीला येनार व्हता. लाल रंग लांबून दिसतो. विनापरवाना तार बघितली असती तर केस केली असती.

भागीबाई : म्हनून सोडल्या.

सोमा : सोडल्या. आता काय बोलायचं ते बोल.

भागीबाई : आन खालची तार तशीच ठेवनार?

सोमा : अंधार पडू दे. पोलीस गेले की पक्कड घेऊन जातो, उरलेली तोडतो. पाड्यावर चार घरं हायत, कुनी तोंड उघडनार नाय.

(दारावर थाप. खालच्या गावचा पोलीस पाटील धनराज आत येतो.)

धनराज : सोमादादा, गुरं सोडून ठेव. वणवा पल्याडून परत पेटलाय. पण काळजी करू नको, नाशिकहून दुसरं हेलिकॉप्टर निघालंय. अर्ध्या तासात पोचेल.

भागीबाई : ते पानी कुठून घेनार?

धनराज : तुमच्याच बंधाऱ्यातून. एप्रिलात दुसरीकडं पाणी हाय कुठं? साहेबांनी फोनवर विचारलं, तिथं तार, खांब असा काही अडथळा? मी म्हटलं, साहेब, त्या पाड्यावर अजून लाईटच पोचली नाय, तारा कुठून येणार?

भागीबाई : असं म्हनालास तू?

धनराज : मग काय म्हणू? सोमादादा, तोंड का असं पांढरं पडलंय तुझं?

भागीबाई : वणव्याला भ्यालेत ते.

धनराज : भ्यायचंच. मीबी भ्यालोय. बरं, निघतो मी, बाकीच्यांना सांगायचंय.

सोमा : धनराज, थांब. साहेबाला फोन लाव.

धनराज : आता कशाला?

सोमा : तार हाय म्हनाव. बंधाऱ्याच्या वरून, ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. एक तुटली, एक शिल्लक हाय.

धनराज : काय बोलतोस तू? कुणी बांधली?

सोमा : आदी हेलिकॉप्टर थांबव. मंग विचार. अल्याडचा खुंटा मी दावतो, तार तोडायला दहा मिनिटं लागतील. तवर त्यांना येऊ देऊ नको.

धनराज : हॅलो, साहेब, मी धनराज पाटील. दुसरं हेलिकॉप्टर थांबवा. बंधाऱ्यावर तार हाय... हो, खात्रीनं सांगतो... ज्यानं बांधली तो इथंच हाय, माझ्यासमोर... धरा जरा. सोमादादा, नाव विचारतायत.

भागीबाई : दोघांचं सांग. मीबी व्हते बांधायला.

सोमा : तू गप. माजं एकट्याचं सांग. आन धनराज, हेबी सांग. तारेवर लाल पट्ट्या व्हत्या, हिनं बांधलेल्या. त्या मी सोडल्या.

धनराज : ते त्यांनी विचारलं नाय, सोमादादा.

सोमा : तरी सांग.