नो मराठी

शारजातल्या रोल्लाच्या बसस्टॉपवर कावेरीच्या मागे ट्रम्पेटच्या पेट्या घेतलेले दोघे भाऊ उभे होते, नुकतेच पिक्चर बघून आलेले.

"रॉबिन, पिक्चरमधल्या त्या दोघा भावांनी परदेशात बँड काढला, तरी स्टेजवर गावाचं नाव घेतलं."

"ते खरेच क्युबाचे होते, सॅव्हियो. आपण वसईचे, हॉटेलने क्युबाचे म्हणून उभे केलेले."

"म्हणून गावाहून आलेली आय सुकेळी घेऊन स्टेजपाशी आली, तर तिला 'नो मराठी' म्हणालास?"

"मॅनेजर शेजारी होता रे. तू तरी कुठे बोललास?"

"मी ट्रम्पेट पुसत बसलो."

कावेरीने मान वळवली नाही.

"घरी गेल्यावर सॉरी तरी म्हणालास?" सॅव्हियोने विचारलं.

"म्हणणार होतो. तीच आधी बोलली, 'आज हॉटेलात एका परक्या पोराला चुकून हाक मारली बघ. अगदी तुझ्यासारखं वाजवत होता.'"